दोन्ही टोकांनी मोजा : ओहम, तारयंत्र आणि जबलपूरचं गणित

आजच्या गप्पांना कागद आणि पेन घेऊन बसा. घाबरू नका, गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काही लागणार नाही. पण हा इतिहास आकडे बाजूला ठेवून सांगताच येत नाही.

मी जबलपूरचा. आमच्यासारखी मराठी घरं तिथे बरीच आहेत. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होतं. पुढे १८६१ साली मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते, त्यामुळे नोकरीतल्या बदल्यांनी माणसं इकडून तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. माझे बाबा तार खात्यात होते. ट्रेनिंगसाठी विदर्भातून जबलपूरला आले आणि कायमचे राहिले. जबलपूरला १९४२ पासून दूरसंचाराचं प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरातून माणसं तिथे शिकायला यायची.

आमच्या घरात कुणाचं भांडण झालं की बाबा एकच वाक्य म्हणायचे, "दोन्ही टोकांनी मोजलंत का?" लहानपणी मला वाटायचं, ही काहीतरी म्हण असेल. ती म्हण नव्हती, तार खात्यातली चाचणी होती. त्या चाचणीच्या मुळाशी असलेला नियम शोधणाऱ्या माणसाला त्याच्या हयातीत बराच काळ कुणी विचारलं नव्हतं. आज त्याच नियमाबद्दल बोलू.

कुलूपवाल्याचा मुलगा

गेऑर्ग ओहमचा जन्म १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा. वडील कुलपं करायचे. शाळा फारशी नाही, पण माणूस स्वतः गणित शिकला आणि मुलांनाही शिकवलं. गेऑर्ग १८१७ साली कोलोन शहरात शाळामास्तर झाला. त्या शाळेत उपकरणं चांगली होती. वर्ग सुटला की हा प्रयोग करत बसायचा.

त्याचा प्रश्न साधा होता. बॅटरी तीच ठेवली आणि तार लांब केली, तर प्रवाह किती कमी होतो? नुसतं "कमी होतो" हे उत्तर त्याला नको होतं. नेमका किती, ते हवं होतं.

१८२५ साली त्याने पहिला निबंध छापला आणि तो चुकला. चूक त्याच्या हिशेबापेक्षा बॅटरीची जास्त होती. त्या काळची बॅटरी जोडल्याबरोबर जोरात चालायची आणि लगेच मंदावायची. दाबच स्थिर नसेल तर मोजमाप कसलं? तेव्हा पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाने त्याला सुचवलं, की बॅटरी सोड आणि नुकतीच सापडलेली दुसरी युक्ती वापर. दोन वेगळ्या धातूंचे सांधे, एक गरम आणि एक थंड ठेवले, की विजेचा छोटासा पण स्थिर दाब मिळतो. ओहमने बिस्मथ आणि तांबं घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणजे दाबही हलत नाही. मग वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकामागून एक जोडल्या आणि प्रवाहामुळे चुंबकसुई किती वळते ते मोजलं.

१८२६ साली त्याला हवा तो नियम मिळाला. १८२७ मध्ये बर्लिनमध्ये पुस्तक छापलं. आज दहावीची मुलं जे एका ओळीत लिहितात ते त्यात होतं. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट. रोध दुप्पट झाला तर प्रवाह निम्मा. मराठी पुस्तकात याला "रोध" म्हणतात, जबलपूरच्या हिंदी शाळेत मी "प्रतिरोध" म्हणून शिकलो. घरी एक शब्द, शाळेत दुसरा, गणित तेच.

या पुस्तकावर ओहमला विद्यापीठात प्राध्यापकी मिळेल अशी आशा होती. झालं उलटंच. निसर्गाचा अर्थ तत्त्वज्ञानाने लावायचा, समीकरणं मांडून नव्हे, असं मानणाऱ्यांचं तेव्हा जर्मनीत वजन होतं. त्यांनी पुस्तकाला कल्पनेचे खेळ ठरवलं. ओहमने कोलोनची नोकरी सोडली. पुढची पाच-सहा वर्षं कशीबशी गेली आणि १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला पुन्हा शिकवण्याचं काम मिळालं. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं. म्युनिकला पूर्ण प्राध्यापकाची जागा मिळाली ती १८५२ मध्ये. दोनच वर्षांनी, जुलै १८५४ मध्ये तो गेला.

आता योगायोग पाहा. त्याच १८५४ च्या मार्चमध्ये कलकत्ता ते आग्रा तारयंत्र सुरू झालं. ती उभारणारा विल्यम ओशॉनेसी हा पेशाने डॉक्टर. त्याने आधीच्या प्रायोगिक लाईनसाठी जाड लोखंडी सळ्या वापरल्या होत्या. सळई जाड असली की वादळात तुटत नाही, आणि जाड तारेचा रोधही कमी असतो. ओहमचा नियम आपल्या देशात असा खांबांवर चढला.

समुद्रात बुडालेले आठ लाख पौंड

पण नियम माहीत असणं वेगळं आणि त्यावर विसंबणं वेगळं. तारयंत्र चालवणारे बरेच लोक अजून अंदाजानेच काम करत होते. त्याची किंमत १८५८ मध्ये कळली.

त्या वर्षी अटलांटिक महासागरात केबल टाकली. संदेश नीट जाईना, तेव्हा व्हाइटहाउस नावाच्या मुख्य इलेक्ट्रिशियनने सुमारे २००० व्होल्टचा दाब दिला. आधीच कमकुवत असलेली केबल काही आठवड्यांत कायमची गप्प झाली.

दुसरी गोष्ट आपल्याला जवळची. १८५७ च्या उठावानंतर लंडनला हिंदुस्थानाशी थेट तार हवी होती. म्हणून १८५९-६० मध्ये सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत केबल टाकली. भांडवल ८ लाख पौंड, आणि सरकारने त्यावर ५० वर्षं साडेचार टक्के व्याजाची हमी दिलेली. म्हणजे दरवर्षी ३६ हजार पौंड. ही केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग कधी चाललीच नाही. हमी मात्र चालू राहिली.

मग चौकशी समिती बसली. चौकशीत ठळकपणे पुढे आलेली गोष्ट अशी, की लोक मोजत नव्हते, आणि मोजणाऱ्यांची मापं एकमेकांशी जुळत नव्हती. कुणी रोध सांगायचा "इतक्या फूट तांब्याची तार", कुणी "इतके मैल लोखंडी तार". आता तुमची तार किती जाड, तांबं किती शुद्ध, हे मला काय माहीत? आपल्याकडे प्रत्येक गावाचा शेर वेगळा असायचा, तसंच.

१८६१ साली ब्रिटिश असोसिएशनने रोधाचं पक्कं माप ठरवायला समिती नेमली. तिच्या कामात विल्यम थॉमसन आणि पुढे मॅक्सवेल यांच्यासारखी माणसं होती. अखेर १८८१ च्या पॅरिस परिषदेत व्होल्ट, ओहम, अँपिअर ही नावं जगभरासाठी ठरली. शाळामास्तराचं नाव मापाला मिळालं, ते तो गेल्यावर २७ वर्षांनी.

१८७० : रेल्वे जबलपूरला जुळते

या दोन तारखांच्या मध्ये १८७० साल येतं. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली जी.आय.पी. रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे यांचे रूळ जबलपूरला जुळले. मुंबई ते कलकत्ता आगगाडी सलग झाली. त्याच वर्षी ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली आणि जूनमध्ये मुंबई समुद्राखालून थेट लंडनशी बोलू लागली. या वेळी केबल चालली. दहा वर्षांत लोक मोजायला शिकले होते.

रेल्वेच्या रुळांबरोबर तारेचे खांब आले. इटारसी ते जबलपूर साधारण २४५ किलोमीटर. मध्ये नर्मदेचं खोरं, जंगल आणि चार महिने पाऊस. तार तुटली तर एक वेळ बरं, निदान सगळं बंद पडतं. पण ओली फांदी तारेवर टेकली, की प्रवाह अर्धवट जमिनीत झिरपतो. संदेश कधी जातो, कधी जात नाही. २४५ किलोमीटरमध्ये ती फांदी कुठे आहे?

इथे बाबांची चाचणी येते. त्यांनी मला ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूने काढून शिकवली होती. आकडे समजायला सोपे घेतो, पद्धत खरी आहे.

समजा ५ मिलिमीटर जाडीची लोखंडी तार आहे. तिचा रोध दर किलोमीटरला साधारण ६ ओहम धरू. २४५ किलोमीटरचा झाला १४७० ओहम. तारयंत्रात तार एकच असते, परतीचा रस्ता जमिनीतून.

इटारसीवाल्याने आपलं टोक मोकळं सोडलं. जबलपूरवाल्याने ७० व्होल्टची बॅटरी जोडली. टोक मोकळं आहे, म्हणजे प्रवाह जायलाच नको. पण काटा दाखवतो १०० मिलिअँपिअर, म्हणजे ०.१ अँपिअर. ७० भागिले ०.१, रोध ७०० ओहम. किलोमीटरला ६ या हिशेबाने ७०० म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर. जबलपूरवाला म्हणतो, बिघाड ११७ किलोमीटरवर आहे.

आता जबलपूरचं टोक मोकळं सोडून इटारसीहून मोजा. ७० व्होल्टला ७२ मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे ९७० ओहम. भागिले ६, इटारसीपासून १६२ किलोमीटर. म्हणजेच जबलपूरपासून ८३. इटारसीवाला म्हणतो, बिघाड ८३ वर आहे.

दोघांनी बरोबर मोजलं. दोघांचा भागाकार बरोबर. तरी उत्तरांत ३४ किलोमीटरचा फरक. आणि नीट पाहिलंत तर दोघांनीही बिघाड स्वतःपासून दूर, दुसऱ्याच्या बाजूला ढकलला आहे.

असं का? कारण ओल्या फांदीलाही स्वतःचा रोध आहे. एका टोकाने मोजताना तारेचा रोध आणि फांदीचा रोध एकत्र मोजला जातो. मोजणाऱ्याला वाटतं, हा सगळा तारेचाच. म्हणून बिघाड आहे त्याहून नेहमी लांबच दिसतो. जवळ कधीच दिसत नाही.

उपाय बेरजेचा आहे. दोन्ही मोजमापं मिळवा, ७०० आणि ९७०, एकूण १६७०. यात पूर्ण तार एकदा आली आणि फांदी दोनदा आली. १६७० मधून तारेचे १४७० काढा, उरले २००. फांदी दोनदा, म्हणून एकदाचे १००. आता ७०० मधून हे १०० वजा करा. जबलपूरपासून तारेचे ६०० ओहम, म्हणजे बरोबर १०० किलोमीटर. नरसिंहपूरच्या पुढे, करेलीच्या आसपास. लाईनमन तिथे पाठवायचा.

जबलपुरात टेबलाशी बसून करेलीजवळची फांदी सापडली. फक्त त्यासाठी समोरच्या टोकाच्या माणसाचा आकडा मागावा लागला, आणि तो खरा मानावा लागला. बाबा भांडणात ते वाक्य का म्हणायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

पाणी का तापत नाही?

आता वॅटकडे येऊ. रोधातून जाताना प्रवाह उष्णता निर्माण करतो. किती, हे १८४० च्या सुमारास जेम्स ज्यूल या मँचेस्टरजवळच्या दारूभट्टीवाल्याच्या मुलाने मोजलं. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. दुसऱ्या शब्दांत, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. वॅट हे नाव १८८२ साली विल्यम सीमेन्सने सुचवलं आणि १८८९ च्या परिषदेत मान्य झालं.

हा वर्ग मला जबलपूरच्या थंडीने शिकवला. डिसेंबरात सकाळी बादलीत पाणी तापवायचा रॉड टाकायचो. रॉड १००० वॅटचा, २३० व्होल्टसाठी केलेला. म्हणजे प्रवाह ४.३५ अँपिअर आणि रोध सुमारे ५३ ओहम. पण आमच्या गल्लीत सकाळी दाब १८० व्होल्टवर यायचा. १८० भागिले ५३, प्रवाह ३.४ अँपिअर. १८० गुणिले ३.४ झाले ६१२ वॅट. दाब बावीस टक्के घटला, पण शक्ती जवळजवळ चाळीस टक्के घटली, कारण दाबाबरोबर प्रवाहही घटतो आणि दोन्ही घटींचा गुणाकार होतो. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ४५ वर न्यायला जिथे ३१ मिनिटं लागावीत, तिथे ५१ लागायची. शाळेला उशीर व्हायचा तो असा. आणि वीज काही वाचत नव्हती. तेवढंच पाणी तेवढंच तापवायला युनिट जवळपास तेवढेच लागतात.

मी वैतागून वीजवाल्यांना नावं ठेवली. बाबा म्हणाले, "हे एका टोकाचं झालं." मग हिशेब मांडला. ट्रान्सफॉर्मरपासून आमच्यापर्यंतच्या तारेचा रोध अर्धा ओहम धर. गल्लीत ३० घरं, प्रत्येकात एक रॉड, मिळून सुमारे १०० अँपिअर. १०० गुणिले अर्धा, ५० व्होल्ट तारेतच गेले. २३० चे १८० झाले. शिवाय ५० गुणिले १००, म्हणजे ५००० वॅट नुसत्या तारा तापवण्यात. पाच रॉडांची वीज आम्ही रोज सकाळी हवेत सोडत होतो. तार बारीक आणि लांब होती, ही तक्रार खरीच. पण सगळे एकाच वेळी रॉड लावत होतो, हेही खरं. गल्लीतल्या काहींनी वेळा वाटून घेतल्यावर पाणी तापायला लागलं, आणि नव्या तारेचा अर्ज करताना हेच आकडे लिहून दिले. "व्होल्टेज येत नाही" यापेक्षा "सकाळी ७ वाजता १८०, रात्री ११ ला २२५" असं लिहिलेल्या अर्जाला उत्तर देणं टाळता येत नाही. तार बदलायला तरी दीड वर्ष लागलं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. पहिली माझ्या फजितीची. कॉलेजात असताना मी १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध मीटरने मोजला. आला ४० ओहम. २३० चा वर्ग भागिले ४० केलं, तर उत्तर १३०० वॅटच्या वर. मला वाटलं, मीटर बिघडला. मीटर ठीक होता. बल्ब विझलेला, थंड होता. पेटल्यावर तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि रोध ५२९ ओहमपर्यंत चढतो. ओहमचा नियम तापमान बदलत नाही तोवरचा आहे. त्याने बर्फ आणि उकळतं पाणी उगाच नव्हतं वापरलं. पंख्याला आणि मोटारीलाही नुसतं व्होल्ट गुणिले अँपिअर चालत नाही, तिथे पॉवर फॅक्टर आणखी धरावा लागतो.

दुसरी जिवाची. २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. त्याच्या प्लगची पिन सैल असेल आणि तिथे अर्धा ओहम रोध झाला, तर ८.७ चा वर्ग गुणिले अर्धा, सुमारे ३८ वॅट. म्हणजे सोल्डरिंगची तापलेली इस्त्री भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून ठेवल्यासारखं. फ्यूज उडणार नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नाही. प्लॅस्टिक आधी तपकिरी पडेल, मग वितळेल, मग पेटेल. घरी गेल्यावर गीझर चालवून, बटण बंद करून, प्लगला हात लावून पाहा. गरम लागला तर आजच इलेक्ट्रिशियनला बोलवा.

शेवटची तार

१९५६ नंतर राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरला हायकोर्ट आलं. वीज मंडळाचं मुख्यालयही जबलपूरलाच राहिलं. रामपूरचं शक्ती भवन आमच्या शहरात कुणालाही विचारा. तार मात्र संपली. १४ जुलै २०१३ हा देशातल्या तारसेवेचा शेवटचा दिवस.

त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं, वाईट वाटतंय का? ते टीव्हीवरच्या रांगा बघत होते. म्हणाले, "मोबाइलच्या टॉवरलाही केबल असते. ती नासली की शोधायला कुणीतरी बसतंच." मग उठले आणि कपाटातला जुना मीटर काढून मला दिला. तो अजून चालतो. सेल मात्र दर दोन वर्षांनी बदलावा लागतो, कारण सेलचा दाब उतरला की मीटर खोटं सांगतो. ओहमचा पहिला निबंध नेमका याच कारणाने चुकला होता.

पुढच्या भागात आपण त्या अटलांटिक केबलकडे परत जाऊ आणि व्हाइटहाउस व थॉमसन यांचं भांडण सविस्तर पाहू. दोन्ही टोकांनी. भेटू या, नमस्कार.